अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या, आणि शेजारच्या अक्कांनी वाचून दाखवलेली एक

शहापूरची वाचक

दिवाळीपासून होळीपर्यंत चार कादंबऱ्या वाचून झाल्या. दोन वाचल्या आणि वाचनालयात परत केल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. उरलेल्या दोन मनातून जाईनात म्हणून लिहायला बसले.

पहिली एस. एल. भैरप्पांची 'वंशवृक्ष', मूळ कन्नड. २४ सप्टेंबर २०२५ ला भैरप्पा गेले, त्या संध्याकाळी इथं बेळगावच्या शहापुरात शेजारच्या अक्का आमच्या पायरीवर येऊन बसल्या. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. घरात दोन माग, बोलणं सगळं कन्नड. मराठी त्यांना समजतं, बोलण्यात मात्र 'खरं' आणि 'बघा की' एवढंच येतं. हातात कडा पिवळ्या पडलेलं एक कन्नड पुस्तक होतं. लग्नाआधी वाचलेलं, आज परत काढलं म्हणाल्या.

मला बाजारापुरतं आणि अक्कांपुरतं कन्नड बोलता येतं, लिपी येत नाही. तेहतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. बसच्या पाट्या ओळखते, त्यापुढं अडखळते. म्हणून उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद आणला आणि आमचं ठरलं, की दुपारी जेवणानंतर माग बंद असतो तेवढ्या वेळात एक प्रकरण करायचं. मी मराठीतलं सकाळी वाचून जायचं, अक्कांनी तेच कन्नडमध्ये मोठ्यानं वाचायचं. उमाताई आपल्या बेळगावच्या. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवत आणि त्या ऐकून मराठीत लिहीत, हे मला माहीत होतं. खरं ते म्हणजे काय असतं ते अक्कांच्या सोप्यात बसल्यावर कळलं.

कादंबरी १९६५ सालची. नंजनगूडला कपिला नदीकाठी श्रीनिवास श्रोत्री हे विद्वान गृहस्थ राहतात. तरुण मुलगा नदीत बुडालेला, मागं सून कात्यायनी आणि तिचा लहानगा मुलगा चीनी. सून शिकायला म्हैसूरला जाऊ लागते, तिथं राजाशी ओळख होते, दोघं लग्न करतात. मुलगा आजोबांच्या घरीच राहतो. वर्षं जातात. कात्यायनी कॉलेजात शिकवत असते आणि एक दिवस तोच मुलगा तिच्यासमोर विद्यार्थी म्हणून येऊन बसतो. श्रोत्रींच्या वाट्याला पुढं काय येतं ते सांगत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी ते राहू दे.

माझी धाकटी मावशी बाविसाव्या वर्षी विधवा झाली. तीन वर्षांनी तिनं गोकाककडच्या एका बिजवराशी लग्न केलं. मुलगा पहिल्या सासरी राहिला. आजोळी तिचं नाव निघालं की बायका 'पोरगं सोडून गेलेली' म्हणायच्या. ऐकून ऐकून मीही म्हटलेलं आहे, लहान होते तरी म्हटलेलं आहे. मी नोकरीला लागल्यावर मावशी एकदा घरी आली. जेवली, इकडचं तिकडचं बोलली आणि निघताना दारात चप्पल घालता घालता विचारलं, "तुझ्याच शाळेत होता न्हवं तो, वर्गाचा फोटो असंल काय एखादा?" माझ्याकडं नव्हता. शोधून पाठवते म्हटलं आणि राहून गेलं. आता मावशीही नाही.

कात्यायनी मुलाला वर्गात बघते ते पान मी सकाळी घरी वाचलं आणि दुपारी अक्कांकडं जाऊ नये असं वाटलं. गेले. अक्कांनी वाचलं, चष्मा काढला आणि रडायला लागल्या. मला वाटलं कात्यायनीसाठी. त्या म्हणाल्या, "भागीरथम्मासाठी." श्रोत्रींची बायको, चीनीची आजी. पोराला न्हाऊ घालणारी, तापात रात्र काढणारी ती, आणि गोष्ट सगळी आईच्या डोळ्यांतल्या पाण्याची, असं त्यांचं म्हणणं. अक्कांनी स्वतः नातू वाढवलाय. दोन महिने त्या आजीला मी स्वयंपाकघरात वावरणारी एक बाई म्हणून बाजूला ठेवलं होतं. अक्कांच्या आवाजातून ती माझ्यासमोर येऊन बसली.

दुसरी राजन गवस यांची 'चौंडकं', नाव जोगतिणींच्या तारेच्या वाद्याचं. केसांत जट आली म्हणून एका मुलीला यल्लमा देवीला सोडतात, तिथून पुढचं सगळं. आमच्या गल्लीत मंगळवार-शुक्रवारी जोगतीण येते, परडीत पीठ-मीठ घालतो, ती कपाळाला भंडारा लावते. चाळीस वर्षं मी तिच्या परडीत पीठ घातलंय आणि एकदाही विचारलं नाही, की बाई, तुझं नाव काय. पुस्तक संपल्यावरच्या शुक्रवारी विचारलं. तिनं सांगितलं. आधी दचकली, मग सांगितलं. इथं लिहीत नाही, ते तिचं आहे.

तुम्ही काय वाचताय ते सांगा. आणि 'वंशवृक्ष' वाचलेल्यांनी तर नक्की.


टिळकवाडीकर

ताई, चांगलं लिहिलंय. मी 'वंशवृक्ष' पंचवीसेक वर्षांपूर्वी मराठीत वाचली आणि अलीकडे परत हातात घेतली. पहिल्या वेळी भारावलो होतो, या वेळी एक गोष्ट टोचत राहिली. नंजनगूडचे श्रोत्री इतकं स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलतात, की मला सदाशिव पेठेतला वाडा दिसायला लागतो. कपिला दिसत नाही. अनुवादाला नाव ठेवत नाही, वाक्य कुठंही अडखळत नाही. पण आपल्याकडं कन्नड आणि मराठी एकाच तोंडात नांदतात, तसं काही का नसावं? आपल्या गावच्या अनुवादिकेकडून ती अपेक्षा जास्तच वाटते.


शहापूरची वाचक

टिळकवाडीकर, हा प्रश्न मलाही पडला होता, पहिल्याच आठवड्यात. मी अक्कांना विचारलं, तुमच्या पुस्तकातलं कन्नड आपल्याकडच्यासारखं आहे काय? त्या म्हणाल्या, छे, हे म्हैसूरकडचं, वाचताना मलाच मध्ये थांबावं लागतं. त्यांचं कन्नड धारवाड-बेळगावकडचं. 'येन्री', 'हौद्री' असं प्रत्येक शब्दाला 'री' लावून बोलणारं. म्हैसूरचं बोलणं त्यांना मऊ आणि परकं वाटतं, पाहुण्याच्या घरी बसल्यासारखं.

म्हणजे ती माणसं मुळातच आपल्या तोंडची भाषा बोलत नाहीत. उमाताईंनी त्यांच्या तोंडी आपलं बेळगावी 'करूलालोय' आणि 'जाऊलालोय' घातलं असतं तर म्हैसूरचा शास्त्री बेळगावच्या अनगोळला येऊन बसला असता. म्हैसूरकडच्या घडीव बोलीला मराठीतली घडीव बोली, हे मला आता पटतं. तुम्हाला सदाशिव पेठ दिसते, अक्कांना कन्नडमध्येही अंतर दिसतं. दोघांनाही ते घर लांबचंच.


टिळकवाडीकर

असा विचार केला नव्हता. म्हैसुरी कन्नड आपल्या कन्नडवाल्यांना परकं वाटत असेल हे डोक्यातच आलं नाही, कारण आपल्यासाठी सगळं कन्नड एकच. पुन्हा वाचेन तेव्हा हे धरून वाचेन. तरी श्रोत्रींच्या घरातली मोलकरीण लक्ष्मी, तिच्या तोंडी थोडी ओबडधोबड भाषा चालली असती, एवढं माझं म्हणणं राहतंच.


निवृत्त कंडक्टर, बैलहोंगल रस्ता

बाई, तुम्ही चौंडकं लिहिलासा म्हणून मी लिहूलालोय, नाहीतर मी नुसता वाचणारा माणूस. सव्वीस वर्षं सरकारी बसवर काढली. माघी पुनवेला सौंदत्तीच्या यात्रेला जादा गाड्या सोडायच्या, त्यावर माझी ड्युटी ठरलेली. कोल्हापूर, सांगलीकडनं माणसं यायची. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या, आणि उरलेली सगळी आमच्या गाडीत. आठ दिवस शिटा पिवळ्या. घरी गेलो की बायको म्हणायची, आधी अंगणात कपडे झाडा. भंडारा कातडीत मुरायचा. 'उदं गं आई उदं' झोपेत पण ऐकू यायचं.

माझ्या भाच्यानं गवसांचं 'भंडारभोग' पण आणून दिलं. जोगत्याची गोष्ट. धडधाकट गड्याला लुगडं नेसवून देवीला सोडतात ती. ते वाचताना एक दिवस आठवला, तो इथं सांगतो.

साल नीट आठवत नाही. गाडी खचाखच भरलेली. एक जोगता, हिरवं लुगडं, हातात काचेच्या बांगड्या, डोईवर जग, म्हणजे देवीची टोपली, चढला आणि बायकांच्या राखीव शिटेवर बसला. शेजारची बाई ओरडली, ह्याला उठवा. बाप्पय, गडी हाय ह्यो. गाडीतली माणसं हसूलाली. मी त्याला उठवलं. तो काही बोलला नाही. जग डोईवर तसाच, एका हातानं दांडी धरून उभा राहिला, सौंदत्तीपर्यंत. दोन तास. पुरुषांच्या शिटेवर बसवावं तर तिथलीपण माणसं सरकायला तयार न्हाईत. उतरताना माझ्यासमोर थांबला, परडीतला भंडारा घेतला आणि माझ्या कपाळाला लावला.

तवा मला वाटलं, देवीचा माणूस, आशीर्वाद दिला. पुस्तक वाचल्यावर वाटूलालंय, मी त्याला उठवायला नको होतं. दुसऱ्या कुणाला तरी उठवून बसवायला पाहिजे होतं. माझ्या हातात तेवढं होतं.

कादंबरीत सगळं खरं हाय. एकच सांगतो, सौंदत्तीला जोगुळभावीच्या पाण्यावर पहाटे जी थंडी असते आणि ओल्या लुगड्यानं बाया कुडकुडतात, ते ज्यानं बघितलंय त्याला पुस्तक दुप्पट लागणार.


शहापूरची वाचक

मामा, तुमचं हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. लिहिलंत ते बरं केलंत.

'देवदासी सोडायची नाही' असा कायदा कर्नाटकात १९८२ साली झाला. जोगव्याच्या वाटा त्यानंतरही चालू होत्या हे तुमच्या तिकिटांनी पाहिलं असेलच. 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्यांवरूनच २००९ चा 'जोगवा' सिनेमा निघाला, चारुता सागर यांची एक कथाही त्यात घेतलेली आहे. सिनेमा मी आधी पाहिला होता आणि आवडलाही होता. पण सिनेमात गाणं सुरू झालं की मन हलकं होतं. पुस्तकात तशी सुटका कुठंच नाही. चौंडक्याची तार नुसती तुटक वाजत राहते.


निपाणीची लेक

मी महादेव मोरे वाचूलालेय. २०२४ मध्ये ते गेल्यावर आमच्या घरात त्यांच्या पुस्तकांची आठवण निघाली ही लाजेची गोष्ट आहे, कारण त्यांच्या गिरणीत आमच्या आजीनं दळण नेलेलं आहे. पिठाची गिरणी चालवायची, चक्कीच्या त्या आवाजात माणसं बघायची आणि रात्री लिहायचं, असं त्यांनी आयुष्य काढलं. 'एकोणिसावी जात' वाचली. ड्रायव्हर-क्लीनर, गॅरेज, हायवेवरचे ढाबे. अठरापगड जातींच्या पलीकडे आणखी एक जात, गाडीवरच्या माणसांची.

पण मला त्यांच्या लिहिण्यात जे सगळ्यात जास्त भेटलं ते तंबाखूचं. माझी आजी वखारीत तंबाखू चाळायला जायची. घरी आली की आम्ही नातवंडं जवळ जायचो नाही, तिच्या लुगड्याला तंबाखूच्या वासाची खाट यायची, शिंका थांबायच्या नाहीत. ती म्हणायची, थांबा, आंघोळ करून घेते, मग या. आंघोळीनंतरही यायचीच. निपाणीवर बोलायचं म्हटलं की बाहेरची माणसं १९८१ चं तंबाखू आंदोलन आणि ६ एप्रिलचा गोळीबार सांगतात. ते सांगायलाच पाहिजे, शेतकरी मेले आहेत. वखारीतल्या बायकांच्या नाकातोंडाचं मात्र कुणी सांगत नाही. मोऱ्यांनी ते बाहेरून बघून लिहिलेलं वाटत नाही, दळण घेऊन आलेल्या बाईशी बोलल्यासारखं वाटतं.

एक तक्रार आहे. त्यांची पुस्तकं आता मिळत नाहीत. मला एक प्रत ओळखीच्या मास्तरांकडून मिळाली, तीही मधली आठ पानं नसलेली. ज्यांच्याकडं असतील त्यांनी रद्दीत घालू नका ओ.


खानापूरकर

आमच्याकडं पावसात चार महिने वाचायलाच असतं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पण मी कृष्णात खोत यांची 'रिंगाण' उन्हाळ्यात वाचली आणि तेच योग्य झालं, कारण ती पाण्यानं घेतलेल्या गावाची गोष्ट आहे आणि उन्हाळ्यातच बुडालेलं वर येतं. २०२३ चा साहित्य अकादमी तिला मिळाला. धरणामुळं गाव उठतं, मागं राहिलेली म्हैस आणायला माणूस परत जातो, आणि ती म्हैस आता रानाची झालेली असते. एवढीच गोष्ट.

मी म्हशी पाळतो. सांगतो, म्हैस वाट विसरत नाही. आमची एक म्हैस चंदगडला विकली होती, नवव्या दिवशी दाराशी उभी. पाय सुजलेले. विकत घेणारे पैसे मागायला आले तेव्हा वडिलांनी पैसे परत केले आणि म्हैस ठेवून घेतली. त्यामुळं ज्या म्हशीनं माणसाची ओळख सोडली तिच्यावर काय गेलं असेल, हे मला पानापानाला जाणवत होतं. ती अंगावर येते तेव्हा राग तिचा येत नाही.

हिडकलच्या धरणात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बुडालंय. पाणी ओसरलं की देऊळ वर येतं, माणसं दर्शनाला जातात. मी एकदा गेलोय. कोरड्या भेगाळ गाळातून चालत जायचं. त्या गावातनं उठवलेल्या एका म्हाताऱ्यानं मला बोट करून दाखवलं, इथं आमचा गोठा होता. मला नुसता गाळ दिसला. 'रिंगाण' वाचल्यावर मला तो गोठा दिसतो.


बंगळूरला असलेला बेळगावकर

मी कन्नड माध्यमात शिकलो, घरी मराठी. इथं लोकांना माझं कन्नड ऐकून हसू येतं आणि पुण्यातल्या भावंडांना माझं मराठी ऐकून.

विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' वाचली, मूळ कन्नड. शंभरेक पानं, एका बैठकीत होते. बंगळूरचं एक साधं कुटुंब. वडील चहापत्तीचे विक्रेते, चिक्कप्पा, म्हणजे काका, मसाल्याचा धंदा काढतो, पैसा येतो आणि घर बदलतं. जुन्या घरात मुंग्यांशी लढणारी ही माणसं नव्या घरात माणसांशी कशी वागायला लागतात, ते कुठंही आवाज न चढवता सांगितलंय. नाव म्हणजे कुठल्याच भाषेतला शब्द नाही. नायकाच्या बायकोच्या माहेरी गुंता झाला की ते असं म्हणतात. अशा घरगुती शब्दाची किंमत आपल्याकडच्या माणसाला जास्त कळेल. आमच्या घरात 'हुड्डकाडून बघ' म्हणतात, अर्धं कन्नड, अर्धं मराठी. बंगळूरला ते कुणाला सांगू?

वाचक ताई, अक्कांना हे नक्की आवडेल. पण दुपारी जेवल्यावर वाचू नका, झोप लागणार नाही.


टिळकवाडीकर

घरगुती शब्दांवरून आठवलं. कादंबरी नाही, कथा आहेत, तरी प्रकाश नारायण संतांच्या कथांतला मुलगा लंपन राहून गेला तर ही चर्चा अपुरी. संतांचा जन्म बेळगावचा, इंदिरा संतांचे चिरंजीव. 'वनवास' मी दर दोन वर्षांनी काढतो. मघाशी मी एकाच तोंडातल्या दोन भाषांबद्दल म्हणत होतो ना, ते लंपनच्या आजीच्या घरात आहे. तिथं मराठीत कन्नड असं सहज येतं, जसं आपल्याकडं दारावर भाजीवाली येते. अनुवादाकडून मी बहुतेक तेच मागत होतो, आणि ते मूळ लिहिणाराच देऊ शकतो.


निपाणीची लेक

शहापूरच्या काकू, आता पुढं काय वाचूलालाय?


शहापूरची वाचक

'वंशवृक्ष' मागच्या बुधवारी संपली. शेवटचं प्रकरण अक्कांनी दोनदा वाचलं. मग आम्ही दोघी गप्प बसलो, माग सुरू व्हायची वेळ झाली तरी अक्का उठल्या नाहीत. मी त्यांना मावशीचं सगळं सांगितलं. फोटोचं पण. त्यांनी विचारलं, तो मुलगा आता कुठं असतो? मला माहीत आहे कुठं असतो. वडगावात असतो. दहा मिनिटांचा रस्ता. मावशीचा एक फोटो माझ्याकडं आहे, माझ्या लग्नातला, कडेला उभी. तो घेऊन जायचा विचार आहे. मंगाईच्या यात्रेच्या आधी जाईन.

कालपासून अक्कांनी चंद्रशेखर कंबारांची 'करिमायी' काढली आहे. कंबार आपल्याच जिल्ह्यातले, हुक्केरी तालुक्यातल्या घोडगेरीचे. हिचं मराठी पुस्तक माझ्याकडं नाही, त्यामुळं या वेळी सकाळची तयारी नाही, नुसतं ऐकायचं. पहिल्याच पानावर अक्कांचा आवाज बदलला. म्हैसूरचं वाचताना त्या जपून, शब्द ठेवून वाचायच्या. हे त्या गल्लीत बोलतात तसं वाचायला लागल्या, मध्येच हसल्या, हातवारे केले. पान उलटून त्या थांबल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कळूलालंय काय?" सगळं कळत नव्हतं. निम्म्याहून जास्त कळत होतं.

मी म्हटलं, "मुंद ओद्री, अक्का." पुढं वाचा.